छातीत धडधडतं म्हणून पोटॅशियम घेताय? आधी रक्ताचा रिपोर्ट बघू

(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी, नाशिक)

"ठोके चुकल्यासारखे वाटतात, पोटॅशियमचं सिरप द्या," अशी मागणी काउंटरवर वरचेवर येते. शेजारच्या काकांना डॉक्टरांनी दिलं, त्यांना गुण आला, एवढंच कारण असतं. आम्ही बाटली काढण्याआधी चिठ्ठी आणि रिपोर्ट मागतो. काहींना राग येतो, पण त्यामागचं कारण तुमच्या जिवाशी निगडित आहे.

हृदयाचा ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीवर पडतो आणि त्या लहरीला पोटॅशियम मोजकंच लागतं. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं. कमी झालं की ठोके बिघडतात, जास्त झालं तरी बिघडतात. फार वाढलं तर हृदय थांबू शकतं, आणि तोवर पुष्कळदा काहीच जाणवत नाही. शिवाय धडधड थायरॉईडमुळे किंवा रक्त कमी असल्यानेही होते. नुसत्या धडधडीवरून काहीच ठरवता येत नाही. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार देठ परीक्षण (पानाच्या देठाची तपासणी) केल्याशिवाय द्राक्षाला पोटॅश खत सोडत नाहीत. स्वतःच्या हृदयाच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्या.

पोटॅशियम खरोखर कमी होतं ते बहुधा लघवीच्या गोळ्यांमुळे (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड) किंवा जुलाब-उलट्या लांबल्यामुळे. डिगॉक्सिन (हृदयाचं एक औषध) चालू असलेल्यांना ही कमतरता जास्त बाधते. सिरप घेऊनही आकडा वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ते कमी असलं की पोटॅशियम शरीरात टिकत नाही.

आम्हाला खरी भीती वाटते ती इथे

जादा पोटॅशियम किडनी बाहेर टाकते. किडनी कमजोर असेल, मधुमेह जुना असेल, तर ते साचतं. बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोनने (पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी) ते वाढू शकतं. काही गोळ्यांत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असतं, म्हणजे एक वाढवणारं, एक घटवणारं. तिथे आम्हालाही पाकीट पाहून अंदाज बांधता येत नाही. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही किडनीवर ताण आणून पोटॅशियम वाढवू शकते.

आणि न दिसणारं पोटॅशियम वेगळंच. 'लो सोडियम' मिठात बहुधा नेहमीच्या मिठाचा काही भाग कमी करून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपी आहे म्हणून सूनबाईंनी प्रेमाने आणलेलं असलं तरी पाकिटावर वाचा. मुतखड्याच्या काही सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असतं. उपवासाला रताळी, बटाटा, खजूर आणि वर शहाळं, असं सगळं एका दिवसात होतं. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, पण किडनीच्या रुग्णाने किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

डॉक्टरांनी दिलं असेल तर असं घ्या

सिरप चमच्याने नको, मापाच्या झाकणानेच मोजा. अनेक बाटल्यांत १५ मिलीमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळजवळ ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. घरातले चमचे लहानमोठे असतात, फरक बराच पडतो. ग्लासभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्या. पाणी न मिसळता प्यायलात तर पोटात आग होते, मळमळतं. सावकाश विरघळणारी गोळी फोडू नका, चावू नका. बसून, भरपूर पाण्याबरोबर अख्खी गिळा आणि लगेच आडवं होऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट घेऊ नका.

पुढची रक्ततपासणी कधी, हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. तपासणीत आकडा अचानक फार जास्त आला तर कधी कधी रक्त काढताना पेशी फुटल्यानेही तसं होतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. तोवर सिरप सुरू ठेवायचं की नाही, हे त्यांना त्याच दिवशी फोन करून विचारा.

हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर दुकानात येऊ नका. सरळ १०८ ला फोन करा. काळी शौच झाली तर औषध थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक औषधं आणि मिठाचं पाकीटसुद्धा पिशवीत घालून आणा. आम्ही एकेक बघून देऊ, त्याचे पैसे नाहीत. गर्दी असते म्हणून शक्यतो दुपारी या.