दूरध्वनी संभाषणाची गोपनीयता

दूरध्वनीवरील खासगी बोलणे शासनाने चोरून ऐकू नये, हा भारतीय नागरिकाचा हक्क राज्यघटनेत शब्दशः कोठेही लिहिलेला नाही. अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हमीतून न्यायालयांनी तो सावकाश उलगडत नेला. फोन टॅप करण्याची मुभा देणारा कायदा त्याहून कितीतरी जुना, म्हणजे १८८५ चा भारतीय तार अधिनियम होय. त्याच्या कलम ५(२) नुसार सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीच असा आदेश देता येई, आणि हीच अट २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम २० मध्ये उतरली आहे.

या विषयातला एक महत्त्वाचा खटला मुंबईचा आहे. शहराच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याची तक्रार आल्यावर पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेप-रेकॉर्डर जोडून दोघांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली आणि निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण मिळेल, अपराध्याला नव्हे, असे सांगितले. बोलणे ऐकल्याशिवाय अपराधी कोण हे कळायचे कसे, ही अडचण त्यात तशीच राहून गेली.

राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगवरून दाखल झालेल्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने घरात किंवा कार्यालयात बसून केलेले दूरध्वनी संभाषण हा खासगीपणाचाच भाग असल्याचे मान्य केले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने द्यावा, तो दोन महिने चालावा, मुदतवाढ धरून सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि आढावा समितीने तो तपासावा, अशी चौकट न्यायालयाने घालून दिली. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची करावी ही मागणी मात्र कायद्यात तशी तरतूद नसल्याने मान्य झाली नाही. परिणामी परवानगी देणारे आणि तिचा आढावा घेणारे, दोघेही शासनाचेच अधिकारी राहिले. महाराष्ट्रातील संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्यातही टॅपिंगची स्वतंत्र तरतूद आहे. उच्च न्यायालयाने रद्द केलेली ही कलमे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क ठरवल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले व ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले. लाचखोरीचा गुन्हा म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, असा त्यामागील विचार होता. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला, तर त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या आर्थिक परिणामांकडे बोट दाखवून टॅपिंग वैध मानले. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला मागाहूनही कळवण्याचे बंधन शासनावर नाही. आरोपपत्रासोबत स्वतःच्याच बोलण्याची लेखी प्रत हाती पडते, तेव्हा अनेकांना ते प्रथम समजते.