आठवड्याला सतरा पाने: ‘वन पीस’विषयीच्या मतभेदांची पार्श्वभूमी

‘वन पीस’ या जपानी मांगाविषयी, म्हणजे चित्रकथेविषयी, दोन जाणत्या वाचकांचे एकमत होणे अवघड असते. शोनेन प्रकारात, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या मांगांत, इतकी मोठी साहसकथा दुसरी झालीच नाही, असे एक जण छातीठोकपणे सांगतो. दुसरा तितक्याच मनापासून सांगतो की कथा केव्हाच हाताबाहेर गेली आणि निम्म्या पानांत ती अधिक देखणी झाली असती. मला ही दोन्ही मते प्रामाणिक वाटतात आणि दोन्हींचे मूळ ही कथा ज्या साप्ताहिकात जन्मली त्याच्या रीतीत आहे, असे माझे मत आहे.

शुएइशा या प्रकाशनसंस्थेचे ‘शोनेन जम्प’ १९६८ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते साप्ताहिक झाले. अंकासोबत एक मतपत्रिका येते. वाचक आपल्या आवडीच्या तीन मालिका निवडून ती परत पाठवतात, आणि त्या कौलावर संपादक कोणती मालिका चालवायची व कोणती गुंडाळायची हे ठरवतात. नव्या मालिकेला जम बसवायला जेमतेम दहा-वीस आठवडे मिळतात. त्यामुळे प्रत्येक आठवड्याच्या प्रकरणात काहीतरी घडलेच पाहिजे आणि शेवटच्या चौकटीत वाचकाला अडकवून ठेवलेच पाहिजे, हा या साप्ताहिकाचा अलिखित नियम झाला. याच रीतीने १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाख ३० हजारांवर नेला. मग त्याच्या लोकप्रिय मालिकांपैकी १९९५ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ संपली, १९९६ मध्ये ‘स्लॅम डंक’ संपली, आणि खप झपाट्याने उतरू लागला. ‘वन पीस’चे पहिले प्रकरण २२ जुलै १९९७ रोजी आले ते या पडत्या काळात. साप्ताहिकाला आधाराची निकड होती आणि ती या मालिकेने भागवली. अशा मालिकेला लवकर आवरते घे, असे कोण सांगणार?

लेखक-चित्रकार एइचिरो ओडा तेव्हा बावीस वर्षांचे होते. कथा साधारण पाच वर्षांत संपेल, असा त्यांचा मूळ अंदाज होता. रबरासारखे ताणले जाणारे शरीर लाभलेला लुफी हा मुलगा सोबती जमवतो, बेटामागून बेट पालथे घालतो आणि समुद्री चाच्यांच्या राजाने मागे ठेवलेल्या ठेव्याच्या शोधात निघतो, एवढीच ही चौकट आहे. परंतु बेटे हवी तितकी वाढवता येतात आणि प्रत्येक बेटाला स्वतःचा राजा, स्वतःचा जुलूम व स्वतःचा इतिहास देता येतो. ओडांना हा तपशील रंगवण्याची मुळातच आवड असल्यामुळे ती पाच वर्षे केव्हाच मागे पडली.

तक्रारीचा पहिला ठळक सूर अलाबास्टा या वाळवंटी राज्यातल्या पर्वाच्या वेळचा आहे. राजधानीवर पडू घातलेला बॉम्ब पेल हा योद्धा पंजांत धरून आकाशात नेतो आणि तिथे स्फोट होतो. त्याच्या बलिदानावर त्या युद्धाच्या शेवटाचा सारा भार आहे. आणि नंतर तोच पेल जिवंत असल्याचे दिसते. या एका दृश्याने अनेकांचा विश्वास डळमळला, कारण या कथेत कुणी मरतच नसेल तर धोक्याला अर्थ काय उरतो? पूर्वकथा सोडल्या तर जवळची माणसे येथे मरत नाहीत, हा आक्षेप पुढे आठ-नऊ वर्षे टिकला. २०१० च्या आरंभी मरीनफोर्ड या नौदलाच्या तळावरच्या युद्धात लुफीचा मानलेला भाऊ एस त्याच्याच मिठीत मेला, तेव्हा वाचकांना बसलेला धक्का इतका मोठा होता त्याचे कारणही हेच.

त्याच वर्षी कथेने काळात दोन वर्षांची उडी घेतली आणि वाचकवर्गाची खरी फाळणी येथून सुरू झाली. उडीनंतर पात्रांची संख्या फुगली, चौकटी गजबजल्या आणि स्त्रीपात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली; हा शेवटचा दोष मलाही खटकतो आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. लांबणीचा आरोप मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. ड्रेसरोझा पर्व २०१३ ते २०१५ असे शंभराहून अधिक प्रकरणे चालले. ज्यांनी ते दर आठवड्याला सतरा-अठरा पाने या मापाने वाचले, त्यांना एका अखाड्यातल्या लढतींवर कित्येक महिने घालवावे लागले, मध्ये सुट्टीचे आठवडे आले आणि कोण कुणाशी लढत होते हेही विसरायला झाले. ज्यांनी तेच खंडरूपाने सलग वाचले, त्यांच्या लेखी ती चार-पाच दिवसांची दौड होती. आपल्याकडे ‘क्रमशः’ या शब्दावर महिनाभर अडून राहिलेल्या वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

यात दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकेने भर घातली. ऑक्टोबर १९९९ पासून ती जवळजवळ दर आठवड्याला येत राहिली आणि मूळ मांगाला गाठू नये म्हणून बहुतेक वेळा एका भागात एकाच प्रकरणाचा, कधी त्याहूनही कमी, ऐवज पुरवून पुरवून वापरू लागली. अवाक झालेल्या चेहऱ्यांवरून कॅमेरा संथपणे फिरत राहतो आणि वार मात्र पडत नाही, हा अनुभव पडद्यावरचा आहे. तरी त्याचा राग पुष्कळदा ओडांच्या पानांवर निघतो. २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त सव्वीस भाग, असे निर्मात्यांनी ठरवले, ते मला उशिरा आलेले शहाणपण वाटते.

या कथेविषयीची मते काळानुसार पालटतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ढगांवरच्या बेटाचे स्कायपिया पर्व दीर्घकाळ ‘वगळले तरी चालेल’ अशा यादीत होते. लुफी सोन्याची घंटा वाजवतो तेव्हा खाली समुद्रावर, चारशे वर्षे खोटारडा ठरवल्या गेलेल्या दर्यावर्दीच्या वंशजाला तिचा नाद ऐकू येतो आणि ढगांवर लुफीची अजस्र सावली दिसते. हे दृश्य मी कितीदा पाहिले असेल, तरी दर वेळी गळा दाटून येतो. त्या घंटेपाशी चाच्यांच्या राजाच्या नावे कोरलेली ओळ होती. ती कोरली जात असतानाचे दृश्य वाचकांनी पाहिले ते सोळा वर्षांनी, २०२० मध्ये, वानो पर्वातील ओदेन या सामुराईच्या पूर्वकथेत. त्यानंतर अनेकांनी स्कायपिया पुन्हा काढून वाचले आणि आपले मत बदलले.

दूरवर पेरण्याची हीच सवय २०२२ मध्ये वादाचे कारण झाली. ज्यामुळे लुफीचे शरीर रबरासारखे झाले ते, त्याने लहानपणी खाल्लेले फळ साधे रबराचे नसून मुक्तिदात्या सूर्यदेव निकाचे आहे, असा उलगडा मार्चमध्ये झाला. काहींना त्यात पंचवीस वर्षांच्या हास्याचा आणि बंडखोरीचा अर्थ सापडला. इतरांना ती फसवणूक वाटली, कारण क्षुल्लक शक्ती कल्पकतेने वापरणारा मुलगा एका रात्रीत विधिलिखित नायक ठरला होता. मी पहिल्या बाजूचा आहे, पण दुसऱ्या बाजूची खंत मला खोटी वाटत नाही. त्यांचे प्रेम पहिल्या खंडातल्या लुफीवर आहे.

जुलै २०२२ पासून कथेचे अंतिम पर्व चालू आहे. अधिकृत इंग्रजी आवृत्ती जपानच्या बरोबरीने प्रसिद्ध होत असल्यामुळे पुण्या-मुंबईचा वाचकही नवे प्रकरण रविवारी रात्री साडेआठलाच उघडतो, आणि २०२३ च्या मानवी कलाकारांच्या मालिकेनंतर आलेला नवा वाचक हजारांहून अधिक प्रकरणे काही महिन्यांत संपवून त्याच्या शेजारी येऊन बसतो. एकाने पंधरा वर्षे वाट पाहिलेली असते, दुसऱ्याने पंधरा आठवडे, आणि रविवारी दोघांच्याही पुढ्यात तीच सतरा पाने असतात.