विमानाच्या इंजिन माउंटच्या रबराची वेळेआधी झीज

छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानात इंजिन काही डायरेक्ट लोखंडी फ्रेमला आवळलेलं नसतं, मधे रबर असतं. या रबराच्या गाद्यांना माउंट किंवा शॉकमाउंट म्हणतात, आणि ज्या अमेरिकन कंपनीचा माल सगळीकडे दिसतो तिच्या नावावरून बरेच जण सरळ लॉर्ड माउंटच म्हणतात. मुंबईतले गॅरेजवाले गाडीच्या बाबतीत ज्याला इंजिनाचं फाउंडेशन म्हणतात तीच ही वस्तू, फक्त इथे तिच्यावर इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) मिळून साधारण दीडशे किलो वजन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, पुढे हवेत लटकलेलं असतं, खालून आधार काहीच नाही. हे रबर कधीतरी बदलावं लागणारच, त्यात विशेष काही नाही. पण ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करायला, अजून हजार तास बाकी असताना इंजिन नाक खाली घालून बसायला लागलं की ती वेळेआधीची झीज, आणि ही नोंद त्याबद्दल आहे.

रबराचं काम समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सेसना १७२ मधलं चार सिलिंडरचं लायकॉमिंग इंजिन क्रूझमधे समजा २४०० आरपीएमवर चाललंय, तर ते सेकंदाला ४० फेऱ्या मारतं आणि फोर-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ८० धक्के. दोन पात्यांच्या पंख्याचा मारसुद्धा सेकंदाला ८० वेळाच. हे सगळं फ्रेमपर्यंत न पोचू देणं हे रबराचं काम, आणि ते नीट होत नसेल तर आधी पायलटच्या पायाला, पॅनेलला आणि मग एक्झॉस्टच्या जोडाला कळतं. जुन्या डिझाइनमधे माउंट शंकूच्या आकाराचे आणि बोल्ट सरळ असायचे, नंतर डायनाफोकल प्रकार आला, त्यात इंजिनाच्या मागच्या चारही कोपऱ्यांतले बोल्ट मुद्दाम तिरके ठेवतात, असे की त्यांच्या रेषा पुढे वाढवल्या तर इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या आसपास एकत्र येतात. त्यामुळे इंजिन स्वतःभोवती डुलू शकतं पण खाली वर फारसं होत नाही. तिरकेपणा ३० अंशांचा असेल तर टाइप १, १८ अंशांचा असेल तर टाइप २, आणि एकाची फ्रेम दुसऱ्याला चालत नाही.

थोडं बसणं आणि फार बसणं

नवीन रबर घातलं की ते सुरुवातीला थोडं बसतंच, याला घाबरायचं कारण नाही. रबर सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू वाहतं, पण हे वाहणं पहिल्या काही दिवसांत जास्त आणि नंतर कमी कमी होत जातं, म्हणून बरेच मेकॅनिक बसवतानाच स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) काउलिंगपेक्षा (इंजिनावरच्या झाकणापेक्षा) किंचित वर ठेवतात, बसल्यावर तो बरोबर मधे येतो. प्रॉब्लेम तेव्हा असतो जेव्हा हे बसणं थांबतच नाही, किंवा चारपैकी एकच माउंट बसतो आणि बाकीचे तीन ठणठणीत असतात. एकच बसला असेल तर वयाला दोष देण्यात काही अर्थ नाही, चौघांचं वय सारखंच, त्या एकाच्या बाबतीत वेगळं काय घडतंय ते शोधायचं.

आणि बहुतेक वेळा जे घडत असतं ते म्हणजे तेल. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांचं अजिबात जमत नाही, तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग लोखंडाला चिकटवलेल्या कडेपासून सुटायला लागतं. निओप्रीन तेलाला जास्त दाद देत नाही पण तेही रोज तेलात बुडून राहण्यासाठी बनलेलं नाही. जुहूच्या एका हँगरमधे मी पाहिलेलं दोन सीटचं ट्रेनर माझ्या चांगलं लक्षात आहे, डाव्या बाजूच्या रॉकर कव्हरचं (सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट झिरपत होतं, इतकं कमी की जमिनीवर डाग पण पडत नव्हता, पण तो थेंब नळीवरून ओघळत बरोबर डाव्या खालच्या माउंटवर यायचा. तिथले जुने मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणायचे, ते शिकाऊ मुलाला म्हणाले, "टॉर्च ठेव बाजूला, नख लाव." मुलाने उजव्या माउंटला नख दाबलं तर खूण लगेच गेली, डाव्याला दाबलं तर खूण तशीच राहिली आणि बोटाला काळं लागलं. "आता आधी गॅस्केट बदल, मग माउंट, उलटं केलंस तर नवीन रबरपण असंच जाईल," एवढंच ते बोलले, आणि या विषयात मला तरी याहून कामाचं वाक्य अजून सापडलेलं नाही.

तेलाइतकंच नुकसान चुकीच्या बसवण्याने होतं आणि हे मला जास्त लागतं कारण हे पूर्ण टाळण्यासारखं आहे. इंजिन फायरवॉलच्या पुढे लटकतं म्हणजे त्याचा वरचा भाग पुढे सुटायला बघतो आणि खालचा भाग मागे दाबला जातो, त्यामुळे वरच्या दोन माउंटवर आणि खालच्या दोन माउंटवर येणारा भार एकमेकांच्या उलट दिशेचा असतो. बऱ्याच माउंटमधे दोन गाद्या असतात, एक कडक आणि एक नरम, भार जिच्यावर यायचा ती कडक, आणि दुसरी फक्त उलट धक्का झेलायला. म्हणजे वरच्या माउंटमधे कडक गादी ज्या बाजूला येते त्याच्या विरुद्ध बाजूला ती खालच्या माउंटमधे यायला हवी. दिसायला दोन्ही गाद्या जवळपास सारख्या, घाईत उलटसुलट बसतात, बोल्ट पण व्यवस्थित आवळला जातो, विमान उडतंसुद्धा, आणि नरम गादी दीडशे किलोचा भार घेऊन थोड्याच तासांत चपटी होते. मग सगळे म्हणतात माल खराब आला. पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचं ड्रॉइंग समोर ठेवून बसवलं तर ही वेळच येत नाही.

बोल्टचंही तसंच. दोन गाद्यांच्या मधून एक धातूची नळी जाते आणि बोल्ट त्या नळीवर आवळायचा असतो, रबर किती दाबलं जावं हे ती नळी ठरवते. नळी राहून गेली किंवा दुसऱ्याच मापाची घातली तर रबर एक तर चेंगरतं नाहीतर सैल राहून घासतं. आवळताना डोकं धरून नट फिरवायचा, नाहीतर रबराला पीळ बसतो आणि ते तसंच पिळलेल्या अवस्थेत आयुष्य काढतं. आणि गाद्या सरकवायला सोपं जावं म्हणून ग्रीस किंवा तेल लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, नका लावू.

उष्णतेचा भाग कमी बोलला जातो. उडताना काउलिंगमधून हवा वाहत असते, खरा ताप इंजिन बंद केल्यावर होतो, हवा थांबते आणि सिलिंडर, एक्झॉस्टची गरमी मागे रबरापर्यंत चढत जाते. केमिस्ट्रीतला ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं. मे महिन्यात मुंबईच्या उन्हात काँक्रीटवर उभं केलेलं विमान, वरून ऊन, आतून इंजिन, त्यात एखादा कूलिंग बॅफल (हवा सिलिंडरकडे वळवणारा पडदा) फाटलेला, म्हणजे रबर भाजलंच जातं. असं रबर मऊ न पडता उलट कडक होतं, खाली बसलेलं दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण धक्के सगळे पुढे पाठवतं आणि मग एक्झॉस्टला, बॅफलला, काउलिंगच्या कडेला तडे जायला लागतात. तडा वेल्डिंग करून बुजवतात, तो परत येतो, आणि मूळ माउंटकडे कोणी बघत नाही.

न उडता होणारी झीज

जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने इथेच उतरले होते. आज इथे हेलिकॉप्टरच जास्त, ट्रेनिंगसाठी मुंबईची पोरं बारामती, धुळ्याला जातात. पण समुद्र अगदी जवळ, आणि खाऱ्या हवेत रबरापेक्षा रबर ज्याला चिकटवलंय ते लोखंड आधी जातं. कडेने गंज आत शिरतो, चिकटवण सुटते आणि रबर वरून अगदी ठीक दिसत असताना वॉशरपासून मोकळं झालेलं असतं. जून ते सप्टेंबर विमान नुसतं उभं राहिलं की लॉगबुकमधे तास वाढत नाहीत, पण वजन रात्रंदिवस त्याच जागी दाबत असतं. तासांवर विसंबू नका म्हणतात ते यासाठीच.

ओझोन हा आणखी एक शत्रू. ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक बारीक चिरा दिसल्या तर ते ओझोनचं काम. वेल्डिंग आणि इलेक्ट्रिक मोटरच्या ठिणग्यांमधून ओझोन तयार होतो, म्हणून स्टोअरमधे नवे माउंट कंप्रेसरच्या शेजारच्या फळीवर ठेवू नयेत, थंड, अंधाऱ्या जागी, पाकिटातच ठेवावेत, एकावर एक चळत लावून नाही. घेताना रबर कधी बनलं ती तारीख बघावी, ती बऱ्याचदा तिमाही आणि वर्ष अशी लिहिलेली असते. आणि कुर्ल्याच्या मार्केटमधे मापाला जुळणारं रबर मिळेलही, पण योग्य कागद नसलेला पार्ट विमानात लागत नाही, तिथे पैसे वाचवायचा विचारच करू नये.

ट्रेनिंगच्या विमानात स्टार्ट आणि बंद खूप वेळा होतं. इंजिन बंद होताना आरपीएम खाली येतो आणि मधे एक टप्पा असा लागतो की इंजिनाचा आणि रबराचा डुलण्याचा वेग जुळतो, तेव्हा अख्खं इंजिन गदगदा हलतं, सकाळी तिथे उभं राहून बघितलंत तर स्पिनर चक्क गोल डुलताना दिसतो. ही हालचाल रबराने सोसायचीच असते, पण फार कमी आरपीएमवर आयडल ठेवण्याची सवय, पंख्याचा बिघडलेला बॅलन्स आणि दणकन उतरणं यांनी ती कैक पटीने वाढते. पंख्याचा बॅलन्स इंजिन चालू ठेवून मोजतात, सेकंदाला ०.०७ इंच किंवा त्याखाली कंपन आलं तर उत्तम समजतात.

तपासणी आणि बदल

१०० तासांच्या इन्स्पेक्शनला माउंट बघायचेच असतात पण रोजच्या प्रीफ्लाइटमधे, म्हणजे उडण्याआधीच्या तपासणीत सुद्धा स्पिनर आणि काउलिंगमधली फट डोळ्यांनी दिसते. वर रुंद, खाली अरुंद झाली असेल तर इंजिन बसलंय. खालच्या कडेला रंग घासून चकचकीत रेघ पडली असेल तर स्पिनर काउलिंगला लागतोय, आता बदलायला उशीर करायचा नाही. काउलिंग काढल्यावर चिरा, फुगवटा, सुटलेली कड, तेलाचा चिकटा, आणि शेजारी गंजलेली फ्रेम हे सगळं बघायचं. पुसताना पेट्रोल किंवा सॉल्व्हंट वापरायचं नाही, साबणाचं पाणी पुरतं. फट मोजून लिहून ठेवायची सवय मला फार मोलाची वाटते, कारण "मागच्या वेळी एवढीच होती का" या प्रश्नाला कोणाची आठवण उपयोगी पडत नाही.

बदलताना चारही एकदम, एक नवं आणि तीन जुने ठेवले तर नव्यावर सगळा भार येतो. इंजिन होइस्टने उचलून धरायचं, त्याच वेळी फ्रेमच्या जोडांना तडा आहे का बघायचं, कारण एवढी मोकळी फ्रेम परत लवकर दिसत नाही. ओव्हरहॉलला इंजिन काढलेलंच असतं, तेव्हा जुने माउंट परत घालणं चूक आहे. सगळं जोडल्यावर थ्रॉटल, मिक्श्चरच्या केबल आणि होज यांना इंजिन हलेल तेवढी ढील आहे का बघायची. आणि अर्थिंगची विणलेली पट्टी. रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामधे ती पट्टी लागते, ती तुटलेली किंवा जोडायची राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट थ्रॉटलच्या नाहीतर मिक्श्चरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. मग पहिल्या ग्राउंड रननंतर फट परत मोजायची, २५ तासांनी परत, आणि आकडा लॉगबुकमधे तारखेसकट लिहायचा.