कुंडीतला वाफसा

माझं पहिलं जुनिपर, उथळ कुंडीत बोन्साय म्हणून वाढवलेलं, मेलं तेव्हा हिरवंगार दिसत होतं. मृगाच्या पावसात मुळं कुजली असावीत. मला कळलं ते थेट आखाडीला, सुया पिवळट पडून हाताला खरखरीत लागल्या तेव्हा. मधले कित्येक आठवडे मी मेलेल्या झाडाला इमानदारीने पाणी घालत होतो.

या झाडाची पानं म्हणजे बारीक सुया, नाहीतर फांदीला चिकटलेले खवले, आणि वरून मेणाचा थर. त्यातून पाणी इतकं हळू उडतं की मुळं गेली तरी रंग टिकतो. संत्र्याला पाण्याचा ताण बसला की पानं मुडपतात, झाड सांगून मोकळं होतं. जुनिपर सांगत नाही. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडायची. खाली ओला हिरवा पापुद्रा दिसला तर जीव आहे.

चूक माझ्या मातीत होती. शेतातली काळी माती कुंडीत भरली, म्हटलं कापूस-संत्रा पोसते तर हे का नाही? पण या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, पोकळ्या बुजतात आणि मुळांना श्वासाला हवा उरत नाही. शेतात जादा पाणी खोल उतरतं आणि दोन-चार दिवसांत वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात. बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये तो येतच नाही. याचं कारण स्पंजवर बघता येतं. भिजलेला स्पंज आडवा धरा, थेंब पडायचे थांबू द्या. मग तोच उभा करा, आणखी पाणी गळतं. तळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याच्या थराची उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा हा थर 3 सेंटीमीटरचा आहे. 15 सेंटीमीटर खोल कुंडीत तो पाचवा हिस्सा होतो, 5 सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये निम्म्याहून जास्त. म्हणजे कुंडी जितकी उथळ, तितकी माती भरड हवी.

जपानी लोक अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. आमच्याकडे पडक्या घरांची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आहेत. ती फोडायची, चाळायची, 3 ते 6 मिलिमीटरचे तुकडे ठेवायचे आणि धूळ फेकायची. भाजलेली माती पाणी पोटात धरते, दोन तुकड्यांमध्ये हवा राहते. सोबत धुतलेली भरड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. झडीत ट्रेच्या एका बाजूला विटेचा तुकडा लावून तो तिरपा ठेवतो, स्पंजचीच युक्ती.

छाटणीतही आपली सवय नडते. निंबाचा बुंधा तोडला तरी पावसात धुमारे फुटतात. जुनिपरच्या फांदीवरचं सगळं हिरवं काढलं की ती फांदी बहुतेक वाळतेच. म्हणून आतलं थोडं हिरवं राखूनच कापायचं. शेंडे नखाने खुडत बसायची जुनी रीत मला पटत नाही; झाडाची ताकद त्या वाढत्या शेंड्यांतच असते. खवल्याच्या जातीवर फार कात्री चालवली तर ती पुन्हा लहानपणीच्या टोचऱ्या सुया काढू लागते.

वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड. वाकवलेल्या फांदीत नवं लाकूड तयार झालं की वळण पक्कं होतं. तार सालीत रुतण्याआधी कापून काढावी; उलगडायला गेलं की फांदी मोडते.

उन्हाळा वेगळा. उन्हाचं हे झाड, पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उथळ ट्रे तापून मुळं भाजतात, म्हणून दुपारी शेडनेट आणि ट्रेभोवती ओलं पोतं. कोरड्या उन्हात लाल कोळी ही बारीक कीडही येते. फांदीखाली पांढरा कागद धरून झटकायचं, ठिपके चालू लागले तर तीच. पाण्याचा जोरदार फवारा सुयांच्या खालून मारला की बरीच धुऊन जाते.

बागेत कामाला येणाऱ्या काकांना मात्र एकच गोष्ट खुपते. "सर, हे वाळलेलं काहून ठेवलं? सल तं काढाची असते नं!" संत्र्यात सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढणं बरोबरच. पण जुनिपरमध्ये एक मूळ मेलं की त्याच्या वरचा सालीचा पट्टा वाळतो, शेजारचा पट्टा आपल्या मुळावर जगत राहतो. डोंगरावरची म्हातारी जुनिपरं अशीच अर्धी लाकूड, अर्धी झाड असतात. कुंडीत तो पट्टा सोलून, गंधक-चुन्याचं द्रावण लावून पांढरा करतात. लाकूड लवकर कुजत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. जाताना द्रावणाचा वास घेतला, संत्र्याला लावायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आठवलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या बोर्डोच्याच घरचं दिसते."