चरबी उतरवणारे मेदाम्ल: एका नावाखालच्या दोन वस्तू

पुण्यातल्या व्यायामशाळांच्या आसपास जी पूरक आहाराची दुकाने असतात, त्यांच्या ‘फॅट लॉस’च्या फळीवर प्रथिनांच्या डब्यांशेजारी सोनेरी, पारदर्शक कॅप्सुलींची बाटली बहुधा दिसतेच. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘सीएलए’ (कॉन्ज्युगेटेड लिनोलिक ॲसिड, एक मेदाम्ल म्हणजे फॅटी ॲसिड) आणि मागे बारीक छपाईत ‘करडई तेलापासून’, ‘प्रत्येकी १००० मिलिग्रॅम, पैकी ८० टक्के सीएलए’ असा मजकूर असतो. दिवसाला ४ कॅप्सुली घेतल्या की ३.२ ग्रॅम सीएलए पोटात जाते आणि त्यासोबत तेलाचे सुमारे ३६ उष्मांकही जातात. करडईचे नाव वाचून पुणेकर ग्राहकाला लाकडी घाण्यावरचे तेल आठवते, तर सीएलए गाईच्या तुपातही असते असे विक्रेता सांगतो. दोन्ही विधाने खरी आहेत, परंतु दोन्हींमधून निघणारा अर्थ मात्र खरा नाही.

ठरावीक मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात, हे १९२९-३० च्या सुमारास स्निग्धरहित आहारावर वाढवलेल्या उंदरांवरून सिद्ध झाले होते. लिनोलिक आम्ल हे त्यांपैकी एक असून करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात ते सुमारे तीन चतुर्थांश असते. सीएलए म्हणजे हेच आम्ल, परंतु त्यातल्या दोन दुहेरी बंधांपैकी एक सरकून दुसऱ्याच्या निकट आलेला, म्हणजे संयुग्मी. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू हा बदल घडवतात. कारखान्यात तो करडईचे तेल अल्कलीसह तापवून घडवतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. दुधातल्या सीएलएमध्ये ८० ते ९० टक्के वाटा ‘सिस-९, ट्रान्स-११’ या समघटकाचा (तेच अणू, पण बंधांची जागा किंवा ठेवण वेगळी असलेल्या रूपाचा; सिस आणि ट्रान्स ही त्या ठेवणीची नावे) असतो, तर कारखान्यातल्या मालात तो आणि ‘ट्रान्स-१०, सिस-१२’ हा दुसरा समघटक साधारण निम्मे-निम्मे उतरतात. दुधाच्या एका ग्रॅम मेदात बहुधा ३ ते ६ मिलिग्रॅमच सीएलए असल्याने, ३.२ ग्रॅमसाठी निदान अर्धा किलो तूप खावे लागेल आणि तरीही कॅप्सुलीतला दुसरा समघटक त्यातून जेमतेमच मिळेल.

या आम्लाकडे प्रथम लक्ष गेले ते चरबीमुळे नव्हे. भाजलेल्या गोमांसात कर्करोगजनक द्रव्ये शोधताना अमेरिकी संशोधकांना त्यांना रोखणारेच काही सापडले आणि १९८७ मध्ये ते सीएलए असल्याचे प्रसिद्ध झाले. चरबीचा विषय १९९७ मध्ये आला. आहारात ०.५ टक्के सीएलए मिसळलेल्या उंदरांच्या अंगात इतरांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के कमी चरबी आढळली आणि हा आकडा पुढे जाहिरातींना जन्मभर पुरला. मात्र ते उंदीर वाढत्या वयाचे होते. त्यांच्या अंगावरची चरबी उतरली नव्हती, साठायची ती कमी साठली होती.

यातला करता-करविता कोणता समघटक, हे पुढे गोठ्यातही दिसले. दुधाला फॅट लागत नाही ही तक्रार पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही संकलन केंद्रावर ऐकू येते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाईंच्या चौथ्या जठरात ‘ट्रान्स-१०, सिस-१२’ थेट सोडल्यावर दुधातला मेद सुमारे ४० टक्क्यांनी घसरला, ‘सिस-९, ट्रान्स-११’ने तसे काही झाले नाही. म्हणजे चरबीवर चालतो तो तुपातला नव्हे, दुसरा.

आता ‘ट्रान्स’ या शब्दाकडे यावे लागेल, कारण सर्वाधिक वादाचा निर्णय त्याच्याभोवतीच झाला आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाविरुद्ध जगभर नियम होऊ लागले तेव्हा व्याख्येचा प्रश्न उभा राहिला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सीएलएच्या या दोन्ही समघटकांत एकेक ट्रान्स बंध आहे, त्यामुळे सरळ व्याख्या केली असती तर ही बाटली ट्रान्स मेदाची बाटली ठरली असती. २००३ मध्ये अमेरिकेने वेष्टनावरील नोंदीसाठी जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात केवळ असंयुग्मी, म्हणजे मध्ये मिथिलीन गट (एका कार्बनचा दुवा) असलेले ट्रान्स बंध मोजायचे ठरले आणि आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतही तशीच वाक्यरचना आली. दुधातल्या नैसर्गिक सीएलएवर ठपका येऊ नये, आणि त्याचे परिणाम औद्योगिक ट्रान्स मेदासारखे दिसत नाहीत, हा संयुग्मी सीएलएला असे वगळण्याच्या बाजूचा युक्तिवाद होता आणि तुपापुरता तो पटण्याजोगाही आहे. परंतु तुपासाठी उघडलेल्या दारातून कारखान्यातला समघटकही आत आला, हे त्या व्याख्येकडे पाहताना नजरेआड करता येत नाही. त्याच्या एक वर्ष आधी, २००२ मध्येच, पोट सुटलेल्या ६० पुरुषांवरील स्वीडिश चाचणीत शुद्ध ‘ट्रान्स-१०, सिस-१२’ १२ आठवडे घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती १९ टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले होते.

पुण्यात या बाबीला वेगळे वजन आहे. १९९० च्या दशकात इथल्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मोजमापे घेतली गेली, तेव्हा ती इंग्रज बाळांपेक्षा बरीच हलकी भरली, परंतु अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. २००४ मध्ये एक पुणेकर आणि एक इंग्रज डॉक्टर यांची छायाचित्रे एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापली गेली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, परंतु शरीरातली चरबी पुणेकराची २१.२ टक्के आणि इंग्रजाची ९.१ टक्के निघाली. बारीक दिसणाऱ्या माणसालाही ‘चरबी उतरवा’ हे वाक्य इथे लागू पडते ते यामुळे. परंतु मधुमेहाचा धोका असलेला माणूसही तोच असतो.

माणसांवरच्या चाचण्यांचे आकडे त्या मानाने फिके आहेत. २००७ मध्ये १८ चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष रोज ३.२ ग्रॅमसाठी आठवड्याला सुमारे ९० ग्रॅम चरबीचा फरक असा होता. २०१२ च्या दुसऱ्या आढाव्यात निदान सहा महिने चाललेल्या चाचण्यांतला एकूण फरक चरबीत १.३३ किलो आणि वजनात ०.७ किलो भरला आणि तो वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा नसल्याचे मत नोंदवले गेले. मधल्या काळात, २०१० मध्ये, युरोपातील तज्ज्ञ समितीने वजनाविषयीच्या दाव्याला पुरेसा आधार नसल्याचे ठरवले होते.

इतर मेदाम्लांची गोष्ट थोडक्यात आटोपते. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची ख्याती हृदयाशी निगडित आहे, चरबीबाबतचा परिणाम मामुली आहे आणि जवसाच्या चटणीतले ओमेगा-३ शरीरात माशाच्या तेलातल्या रूपात फारच थोडे बदलते. कॉफीत घालायचे एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाम्लांचे) तेल यकृताकडे थेट जाते हे खरे, परंतु २०१५ च्या आढाव्यात त्याने साध्या तेलाच्या जागी साधलेला वजनातला फरक अर्ध्या किलोच्या आसपास होता. खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे, कारण त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते आणि ते बहुतांशी तसे थेट यकृताकडे जात नाही.

भारतात या बाटल्या औषधांच्या नव्हे, अन्नाच्या कायद्याखाली येतात. त्यामुळे समोर ‘फॅट बर्नर’ छापलेल्या बाटलीच्या पाठीवर, करडईच्या उल्लेखाखाली, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी इंग्रजीतली ओळही सापडते. कोणता समघटक किती, हे मात्र पुष्कळदा छापलेले नसते.