मानक-आवश्यक पेटंट (मोबाइल दूरसंचार)

जीएसएम, एलटीई, ५जी यांसारखे मानक (सर्व उपकरणांसाठी ठरवलेले समान तांत्रिक नियम) पाळताना ज्याचा वापर टाळताच येत नाही, असे पेटंट. युरोपात हा प्रश्न प्रामुख्याने जीएसएमच्या उभारणीत पुढे आला. ‘एत्सी’ या युरोपीय मानकसंस्थेच्या (स्थापना १९८८) १९९४ च्या धोरणानुसार, सदस्याने असे पेटंट वेळेत घोषित करावे आणि न्याय्य, वाजवी व भेदभावरहित, म्हणजेच ‘फ्रँड’ अटींवर परवाना देण्याची अपरिवर्तनीय हमी द्यावी, अशी अपेक्षा असते. दर मात्र संस्था ठरवत नाही आणि पेटंट खरोखर आवश्यक आहे का, हेही तपासत नाही. त्यामुळे घोषित पेटंटांची संख्या फुगते. गुडमन व मायर्स यांच्या २००५ च्या पाहणीत ३जीच्या घोषित पेटंटांपैकी सुमारे एक-पंचमांशच आवश्यक ठरली. केवळ संख्येवरून कुणाचा वाटा किती हे ठरवणे म्हणूनच फसवे असते.

वाटाघाटीत पेटंटधारक आपल्या पेटंटच्या दाव्यातील (ज्या तंत्रावर हक्क सांगितला आहे त्याच्या वर्णनातील) प्रत्येक घटक मानकाच्या कोणत्या कलमाशी जुळतो याचा तक्ता देतो. युरोपीय न्यायालयाने ह्युआवे-झेडटीई निकालात (२०१५) क्रम घालून दिला : आधी उल्लंघनाची सूचना, मग उत्पादकाची परवाना घेण्याची तयारी, धारकाचा दरासह लेखी प्रस्ताव, मान्य नसल्यास तत्परतेने प्रतिप्रस्ताव, आणि तोही फेटाळला गेल्यास उत्पादकाकडून विक्रीचा हिशेब व तारण.

खरा वाद रॉयल्टी कशावर मोजायची, याचा. चिप बनवणाऱ्या व पेटंटधारक असलेल्या क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये ५जी बहुमानक (५जीसोबत ३जी-४जीही चालणाऱ्या) फोनसाठी मानक-आवश्यक पेटंटांचा जाहीर केलेला दर निव्वळ विक्रीकिमतीच्या ३.२५ टक्के होता. १२,००० रुपयांच्या फोनवर ही रक्कम ३९० रुपये होते. हाच दर १,५०० रुपयांच्या मोडेम चिपवर लावला, तर पन्नासही भरत नाहीत. तंत्र चिपमध्ये असताना पडदा व कॅमेऱ्यावर आकारणी का, असा उत्पादकांचा सवाल. त्यावर धारकांचे उत्तर असे की, अनेक दावे संपूर्ण उपकरण किंवा जाळ्यातील पद्धतीबद्दल असतात. शिवाय परवानाधारक चिप विकली गेली की तिच्यापुरता हक्क संपतो आणि फोन-उत्पादकाकडे पुन्हा मागता येत नाही. प्रचलित करारांशी दुसरी बाजू अधिक जुळते. मात्र महागड्या फोनवर अशा आकारणीचा अतिरेक होतो. क्वालकॉमची ४०० डॉलरची कमाल आधार-किंमत (फोन कितीही महाग असला तरी टक्केवारी याहून अधिक रकमेवर न मोजणे) आणि नोकियाचा प्रतिफोन ३ युरो हा कमाल ५जी दर (२०१८) त्यावरचेच उपाय म्हणता येतील.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अनवायर्ड प्लॅनेट प्रकरणात (२०२०) राष्ट्रीय न्यायालय जागतिक परवान्याच्या अटी ठरवू शकते, असे मानले. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लाव्हाने एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तेथेही गणनेचा आधार चिप नव्हे, फोनची विक्रीकिंमत होता.