अहिंसक चर्मोद्योग (विदर्भ)

म्हातारपणाने किंवा आजाराने मेलेल्या जनावराचे कातडे गावातच सोलून, झाडाच्या सालीने कमावून (म्हणजे न कुजणारे, टिकाऊ चामडे करून) त्यापासून चपला, पट्टे, पिशव्या, पाकिटे बनवण्याचा उद्योग. वर्ध्याच्या परिसरात तो १९३० च्या दशकात उभा राहिला. कत्तलीचे कातडे वापरायचे नाही, ही त्याची मूळ अट. पण अहिंसा जनावरापुरती ठेवून भागत नाही. सोलणाऱ्या माणसाला मान आणि दाम मिळतो का, आणि कमावणीचे पाणी कुठे सोडले जाते, हेही त्याच अटीत मोजावे लागते.

सप्टेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात गावच्या कमावणीवर लिहिले. दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातले बरेचसे तयार वस्तू होऊन परत येते, असा अंदाज त्यांनी तिथे दिला. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे ठाणे झाली. जवळच नालवाडीत, विनोबांच्या कामाच्या परिसरात, गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ काढला. गाईच्या दुधातुपाबरोबर मेलेल्या जनावराच्याच चामड्याचा आग्रह तिथेही होता. गाय मेल्यावरही तिचे कातडे, हाडे, शिंगे वाया जाऊ नयेत, तरच ती पाळणे शेतकऱ्याला परवडेल, हे त्यामागचे गणित.

हे गणित बरोबर होते, पण मेलेले जनावर ओढायचे कोणी, याचे उत्तर त्यात अपुरे होते. गावगाड्यात हे काम जातीने लादलेले होते: मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कमावणी ढोर समाजाकडे, शिवणकाम चांभारांकडे. वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर, नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नेमका हाच विषय घेतला. मेलेली जनावरे ओढणे सोडले तर कातड्याशिंगांचे उत्पन्न बुडेल, असे सांगणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. विदर्भातल्या गावोगावी बौद्धांनी हे काम टाकले आणि ते योग्यच केले. आज कोणी हा धंदा नव्याने उभारू पाहत असेल, तर स्वेच्छा, रोख मजुरी, हातमोजे-गमबूट आणि जनावर उचलायला गाडी, इतके तरी असलेच पाहिजे. ‘परंपरागत कौशल्य’ म्हणून एकाच जातीच्या पोरांना पुन्हा तिथे नेऊन बसवणे हा अन्याय आहे.

गाडीचा दुसराही फायदा आहे. जनावर फरफटत नेले की कातड्याचा वरचा पदर खरचटतो आणि तो डाग चामड्यावर कायम राहतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काही तासांतच कातडे कुजून केस सुटू लागतात. म्हणून कातडे लगेच सोलून, त्याच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके मीठ चोळावे लागते. फाशी (अँथ्रॅक्स) रोगाने मेलेले जनावर मात्र उघडायचेच नाही. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि तो रोग माणसालाही होतो. असे जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात.

पुढची पायरी चुन्याच्या हौदाची. तिथे केस सुटतात, मग मांस खरवडून, चुना धुऊन कातडे सालीच्या पाण्यात जाते. जुन्या पद्धतीत कातड्याचीच शिवून पखाल करत, तिच्यात बाभळीच्या सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवत. त्यात शिवणीच्या टाक्यांजवळचा भाग कच्चा राहतो. हौदात, पातळ पाण्याकडून दाट पाण्याकडे नेत केलेली कमावणी सारखी उतरते. बाभळीने चामडे तांबूस आणि घट्ट होते, सोबत हिरडा टाकला की रंग उजळतो. बाभूळ बांधावरची, हिरडा जंगलातला. उभ्या झाडाची साल काढली तर झाड वाळते, त्यामुळे साल तोडलेल्या झाडाचीच घ्यावी. सालीच्या कमावणीला आठवडे लागतात. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) तेच काम एक-दोन दिवसांत होते, पण क्रोमचे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय खेड्यात नसते. सालीचे पाणीही निरुपद्रवी नाही. मीठ, चुना आणि काळपट सालपाणी थेट नाल्यात सोडले तर खालची विहीर बिघडते.

बैलाच्या कातड्यावर त्याचे आयुष्य उमटलेले असते: मानेवर जुवाचा घट्टा, मागे तुतारीचे (हाकायच्या टोकदार काठीचे) व्रण, गोचिडांच्या खुणा. पट्टा कापताना कारागीर पाठीचा भाग निवडतो, कारण पोटाकडचे चामडे ताणत जाते. रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) सरळ पट्टी काढली, की कड किंचित ओली करून लाकडाने घासतात आणि ती चकाकू लागते. पाकिटांना पातळ शेळीचे कातडे सोयीचे, पण ते बहुधा मांसासाठी कापलेल्या शेळीचे असते. ते वापरले तर तसे सांगावे, ‘अहिंसक’ म्हणून विकू नये.

२०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, म्हैस तिच्याबाहेर आहे. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे या कायद्याने गुन्हा ठरत नाही. तरी जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. अशा घटनांनंतर कातडे वाहून नेणाऱ्याच्या हाती मृत्यूचा दाखला आणि ग्रामपंचायतीची नोंद असणे गरजेचे झाले आहे. विक्रीला बळ देणारे भौगोलिक मानांकन विदर्भाच्या चपलेला नाही. २०१९ चे कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना आहे.

सालीने कमावलेले चामडे ओळखायला कापलेली कड पाहावी. ती आतपर्यंत तपकिरी दिसते, तर क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात अनेकदा निळसर-करडी छटा असते. यातून कमावणी कळते, जनावर कसे मेले आणि सोलणाऱ्याला काय मिळाले ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कातड्यामागे गाव, तारीख, मृत्यूचे कारण आणि दिलेली मजुरी लिहिलेली वही ठेवावी लागते आणि ती गिऱ्हाइकाने मागितल्यावर दाखवावी लागते.